एकच जीपीएस, दोन गाड्या: आधी दुचाकीचं बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा ओसरू लागला की ताम्हिणी, वरंध, आंबोली या घाटांकडे दुचाकींची रीघ लागते. यातल्या बऱ्याच जणांच्या दारात कारही असते, त्यामुळे दोन्ही गाड्यांना चालेल असं एकच जीपीएस यंत्र घ्यावं, हा विचार रास्तच आहे. पण खरेदी होते ती स्क्रीनचा आकार आणि किंमत बघून. इथेच घोडं पेंड खातं. कारसाठी बनवलेलं यंत्र दुचाकीवर पहिल्या जोरदार सरीतच दगा देतं. दुचाकीसाठी बनवलेलं मात्र कारमध्ये विनातक्रार चालतं. म्हणून पारख करायची ती दुचाकीच्या बाजूने.

सुरुवात पाण्यापासून. दुचाकीच्या यंत्रावर आयपीएक्स ७ असं लिहिलेलं असतं. म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास ठेवलं तरी आत पाणी शिरत नाही. गार्मिन कंपनीचं झूमो एक्सटी आणि टॉमटॉम कंपनीचं रायडर ५५० ही यंत्रं या जातीची. मात्र ही चाचणी साचलेल्या पाण्यातली आहे, फवाऱ्याची नाही. वॉशिंग सेंटरचा प्रेशरचा पाइप यंत्रावर मारू देऊ नये. गाडी धुवायला देण्याआधी ते काढून खिशात टाकावं.

याहून महत्त्वाचं म्हणजे यंत्राला वीज कुठून मिळते. दुचाकीच्या यंत्राच्या पाठीवर धातूचे छोटे संपर्कबिंदू असतात. माउंटमध्ये, म्हणजे यंत्र धरून ठेवणाऱ्या पकडीत, यंत्र बसवलं की हे बिंदू तिथल्या स्प्रिंगच्या पिनांना टेकतात आणि चार्जिंग सुरू होतं. झाकण उघडावं लागत नाही, वायर खुपसावी लागत नाही, भर पावसातही चार्जिंग चालू राहतं. कारच्या यंत्राचं आणि मोबाइलचं तसं नसतं. मोबाइल पाण्यात पडला तरी वाचतो हे खरं, पण चार्जिंगच्या तोंडात पाणी गेलं की अनेक फोन सूचना देऊन चार्जिंग बंद करतात. बॅटरीवर किती वेळ निघेल, याचाही हिशेब करून ठेवावा. झूमो एक्सटीची कंपनीने सांगितलेली क्षमता अर्ध्या प्रकाशात सहा तास, पूर्ण प्रकाशात साडेतीन तास आहे. दुपारच्या उन्हात स्क्रीन वाचायची तर पूर्ण प्रकाश लागतोच, म्हणजे पुण्याहून गोव्याला जाताना बॅटरी अर्ध्या वाटेवर संपणार.

मग मोबाइल का नको, असं कोणी विचारेल. शहरात, थोड्या अंतराला मोबाइल पुरतो. अडचण येते ती कंपनांची आणि उष्णतेची. मोठ्या इंजिनाच्या मोटरसायकलींना आयफोन लावू नका, असं खुद्द ॲपलने २०२१ मध्ये जाहीर केलं. कॅमेऱ्यातली थरथर सावरणारी आणि फोकस साधणारी नाजूक यंत्रणा हँडलमधून येणाऱ्या सततच्या कंपनांनी बिघडू शकते, हे त्याचं कारण. आपल्याकडच्या ३५० सीसीच्या एकसिलिंडर गाड्यांवर फोन लावणाऱ्यांनी निदान कंपन शोषणारा रबरी जोड तरी वापरावा. उष्णतेचं म्हणाल तर आयफोन वापरायची हवेच्या तापमानाची मर्यादा ३५ अंश सेल्सिअस दिलेली आहे. विदर्भातला मे महिना आठवा. फोन तापला की आधी स्क्रीन मंद होते, मग चार्जिंग थांबतं आणि शेवटी फोनच बंद पडतो.

आता जोडणी. पन्नास मिलिअँपिअर ही क्षुल्लक गोष्ट वाटते, पण स्वस्तातला यूएसबी चार्जर थेट बॅटरीला जोडला तर गाडी बंद असतानाही तो तेवढी वीज ओढू शकतो. दिवसाला १.२ अँपिअर-अवर झाले. ८ अँपिअर-अवरची बॅटरी आठवड्याभरात रिकामी होते, आणि सुट्टीवरून परत आल्यावर गाडी चालू होत नाही. म्हणून चावी फिरवल्यावरच वीज येईल अशा वायरवरून रिले (त्या विजेवर आपोआप चालू-बंद होणारा स्विच) लावून जोडणी करावी. फ्यूज यंत्राच्या पुस्तिकेत सांगितलेल्या आकड्याचा, आणि तो बॅटरीच्या धन टोकाजवळ हवा. वायर हँडलच्या मानेजवळ घासून उघडी पडली आणि चेसिसला टेकली, तर बॅटरी आणि फ्यूज यांच्यामधला तुकडा वाचवायला काही नसतं. केबल टाय आवळण्याआधी हँडल डावीकडे आणि उजवीकडे शेवटपर्यंत वळवून बघावं. वायर कुठे ताणली जात नाही ना, कुठे चिमटत नाही ना, याची खात्री करावी. मेकॅनिक घाईत हेच विसरतात. माउंटच्या नटांना थ्रेडलॉक (नट सैल होऊ न देणारा द्रव) लावावा किंवा नायलॉन नट वापरावेत आणि यंत्राला एक बारीक दोरी बांधावी. माउंट घेण्याआधी हँडलची जाडी मोजावी. बऱ्याच गाड्यांचं हँडल २२ मिलिमीटरचं असतं, काही साहसी गाड्यांचं मधल्या भागात २८ मिलिमीटरचं.

कारमध्ये नेताना एक गोष्ट हमखास राहून जाते. झूमो एक्सटीमध्ये स्वतःचा स्पीकर नाही. दुचाकीवर आवाज ब्लूटूथने हेल्मेटमधल्या हेडसेटमध्ये येतो. कारसाठीचं सक्शनवालं माउंट वेगळं विकत घ्यावं लागतं आणि स्पीकर त्यात असतो. ते घेतलं नाही तर कारमध्ये यंत्र मुकं राहतं आणि चालकाची नजर वारंवार स्क्रीनवर जाते. किमतीचा अंदाज बांधताना हे माउंट धरूनच बांधावा. यंत्र काचेवर खाली कोपऱ्यात लावावं, समोरचा रस्ता झाकला जाणार नाही असं. डॅशबोर्डवर एअरबॅगच्या झाकणावर तर कधीच नाही. काचेला धातूचा थर असलेली फिल्म असेल तर सिग्नल कमकुवत होतो. स्वस्त डॅशकॅम आणि चार्जरमधून निघणारा विद्युत गोंगाटही जीपीएसच्या १५७५.४२ मेगाहर्ट्झच्या लहरींना त्रास देतो. यंत्र कारमध्येच भरकटत असेल तर एकेक उपकरण बंद करून यंत्रातलं उपग्रहांचे सिग्नल दाखवणारं पान बघा, दोषी लगेच सापडतो.

नकाशाकडे तर कोणी लक्षच देत नाही. अमेरिकेतल्या किंवा युरोपातल्या नातेवाइकांकडून मागवलेल्या यंत्रात बहुधा त्या खंडाचाच नकाशा असतो, भारताचा नसतो. मागवण्याआधी त्या मॉडेलला भारताचा नकाशा मिळतो का, आणि तो किती वर्षं अद्ययावत होणार, हे विचारा. गार्मिनच्या बहुतेक यंत्रांवर ओपनस्ट्रीटमॅपचा, म्हणजे लोकांनी मिळून बनवलेला, मोफत नकाशा मेमरी कार्डावरच्या गार्मिन नावाच्या फोल्डरमध्ये टाकून चालवता येतो. त्यात घाटवाटा आणि गावरस्ते चांगले सापडतात, पण शहरातला घरचा पत्ता शोधायला तो कमी पडतो. आणखी एक इशारा: उपग्रहावरून संदेश पाठवणारं इनरीच जातीचं यंत्र चुकूनही मागवू नका. नुसतं जीपीएस फक्त ऐकतं, बोलत नाही, म्हणून त्याला अडचण नाही. इनरीच उपग्रहाशी बोलतं, आणि ते दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात बाळगणं बेकायदा आहे. विमानतळावर अडकण्याची वेळ येते.

दोन्ही गाड्यांचा खरा पेच पडतो तो रस्त्यांच्या निवडीत. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू या सगळ्यांवर दुचाकींना बंदी आहे. यंत्र कारच्या प्रोफाइलवर (मार्ग कोणत्या वाहनासाठी शोधायचा, ती निवड) राहिलं आणि तुम्ही मोटरसायकलवर असाल, तर ते तुम्हाला खुशाल द्रुतगती मार्गाच्या तोंडाशी नेऊन उभं करतं. गूगल मॅप्सने डिसेंबर २०१७ मध्ये भारतात दुचाकीचा वेगळा पर्याय दिला, तो यासाठीही उपयोगी पडतो. परदेशी यंत्रांतलं मोटरसायकल प्रोफाइल मात्र तिकडच्या रस्त्यांच्या हिशेबाने केलेलं असतं. तिथे मोटरसायकलला महामार्ग खुले असतात, त्यामुळे आपल्याकडची बंदी त्याला कळेलच असं नाही. उपाय सोपा आहे. घेण्याआधी दुकानातच दुचाकीचं प्रोफाइल लावून पुणे ते मुंबई हा मार्ग मागा. तो जुन्या महामार्गाने लोणावळा, खोपोली, पनवेल असा आला तर ठीक. द्रुतगतीने आला तर त्या यंत्रात टाळायचे रस्ते हाताने नोंदवता येतात का, ते तिथेच विचारा. तीही सोय नसेल तर ते यंत्र दुचाकीच्या कामाचं नाही, स्क्रीन कितीही मोठी असो.

नेटवर्क नसलं की जीपीएस बंद पडतं, हा समज अजून पक्का आहे. उपग्रहाचा सिग्नल मोबाइलच्या टॉवरवर अवलंबून नसतो. नेटवर्क लागतं ते नकाशा उतरवायला आणि वाहतुकीची ताजी माहिती घ्यायला. यंत्र बरेच दिवस बंद असेल तर उपग्रहांची जुजबी माहिती पुन्हा गोळा करायला त्याला वेळ लागतो. उपग्रहांची पूर्ण यादी यायला साडेबारा मिनिटं लागतात. म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी ते गच्चीवर, मोकळ्या आभाळाखाली पंधरा मिनिटं चालू ठेवावं. घाटातल्या उभ्या कड्यावर आपटून येणाऱ्या सिग्नलमुळे जागा थोडी सरकते, अशा वेळी यंत्रापेक्षा पाटीवर विश्वास ठेवावा.

कायद्याचंही सांगायला हवं. ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमानुसार वाहन चालवताना हातातलं उपकरण फक्त मार्ग बघण्यासाठी, तेही चालकाचं लक्ष विचलित होणार नाही अशा रीतीने वापरता येतं. पत्ता टाइप करायचा तो गाडी बाजूला घेऊनच.

विक्रेत्यांना एक विनंती आहे. यंत्र भारताच्या नकाशासह येतं की नाही, कारचं माउंट सोबत आहे की नाही आणि दुचाकीवर बंदी असलेले रस्ते ते टाळतं की नाही, या तीन गोष्टी खोक्यावर किंवा किमतीच्या पाटीवर मराठीत लिहा. ऑनलाइन विकणाऱ्यांनीही याच तीन ओळी छायाचित्राखाली टाकाव्यात. गाडी बनवणाऱ्या कंपन्यांनी तर चावीवर चालणारी बारा व्होल्टची, फ्यूज लावलेली एक वायर हेडलाइटच्या मागे सोडूनच द्यावी. खर्च फार नाही, आणि नव्या गाडीचं वायरिंग सोलण्याची वेळ ग्राहकावर येणार नाही.

आपला,
एक दुचाकीस्वार वाचक, सातारा