रविवारी गोधड्या पूर्ण करायला या

मैत्रिणींनो,
येत्या रविवारी दुपारी २ ते ५ आपण पंचवटीतल्या नेहमीच्या हॉलमध्ये जमतोय. थंडी वाढली आहे, आणि गोदाघाटावर उघड्यावर झोपणाऱ्यांसाठीच्या ४ गोधड्या अजून अर्धवट पडून आहेत. त्या याच महिन्यात पोचायला हव्यात.

येताना आणा:
– जुन्या, मऊ सुती साड्या किंवा धोतरं. धुऊन, खळ काढून. सिंथेटिक नको, त्याचे थर शिवताना सरकतात.
– सुई आणि कात्री. दोरा मंडळाचा आहे.

एक कळकळीची विनंती, टाके लांब घालू नका. गेल्या वर्षीची एक गोधडी पहिल्याच धुण्यात आतून गोळा झाली. उसवून पाहिलं तर टाके बोटभर लांब! आधी सगळे थर कच्च्या टाक्यांनी धरून घ्या. मग कडेकडून मध्याकडे बारीक धावदोरा घाला, आणि सुई आरपार गेली का ते मधूनमधून गोधडी उलटी करून बघा.

नव्या मैत्रिणींनी निर्धास्त यावं, शेजारी एक जुनी बसेलच. जमणार नसेल तर शनिवारपर्यंत कळवा. घरी नेलेली अर्धी गोधडी मात्र कुणाच्या तरी हाती नक्की पाठवा.