हप्ते अजून चालू आहेत

मालवण
८ सप्टेंबर २०२५

चि. ओंकार यास अनेक आशीर्वाद.

परवा अनंत चतुर्दशीला गणपती गेले, पाहुणे पांगले, आणि आता कुठे तुझ्या त्या लांबलचक व्हॉइस मेसेजला उत्तर द्यायला सवड मिळाली. फोनच केला असता, पण आकडे निघाले की तू ‘आई, ते सोड गं’ म्हणतोस. या मँचेस्टर युनायटेड फुटबॉल क्लबबद्दल आकडे सोडून बोलण्यासारखं फार उरलेलं नाही, म्हणून हे पत्र. जेवताना वाच, ऑफिसात नको.

तुझं म्हणणं मला समजलं ते असं: मालक कंजूष आहेत, कोच अमोरिमला घालवा, आणि जानेवारीत एक दणकट मिडफिल्डर आणा म्हणजे गाडी रुळावर येईल. मी पहिल्याच मुद्द्यावर अडले. कंजूष कुठले? याच उन्हाळ्यात कुन्हा, एम्बुमो आणि शेश्को या तिघांवर मिळून जवळजवळ २० कोटी पौंड ओतलेत. त्याआधी अँटनी, सँचो, होइलुंड, ओनाना झाले. एवढा खर्च करून गेल्या मोसमात आपण पंधरावे आलो. ३८ सामन्यांत १८ पराभव आणि ४२ गुण. १९७४ साली क्लब दुसऱ्या डिव्हिजनमध्ये उतरला, त्यानंतर इतका खाली कधीच गेला नव्हता. पैसा कमी पडला म्हणून हे झालं असं म्हणायला मी तयार नाही. पैसा कोणत्या अटींवर गेला ते बघ.

पतसंस्थेत कर्जविभागात नोकरी झाली माझी. समोरचा माणूस काय विकत घेतोय याच्यापेक्षा हप्ता किती, मुदत किती आणि बुडालं तर गळा कोणाचा, हे आधी बघायची सवय लागली ती लागलीच. तू खेळाडूचे गोलांचे व्हिडिओ बघतोस. मी करार किती वर्षांचा आणि पगार किती ते शोधते. तुझे बाबा म्हणतात, तुम्ही दोघं एकच मॅच बघत नाही. (ते स्वतः क्रिकेटही आता बघत नाहीत, तो भाग वेगळा.)

आता अँटनीचंच घे, कारण परवाच तो स्पेनच्या बेटिसला गेला आणि तू ‘सुटलो एकदाचे’ म्हणून मोकळा झालास. २०२२ मध्ये अयाक्सकडून त्याला घेतला तेव्हा ९.५ कोटी युरो मोजले, म्हणजे साधारण ८.२ कोटी पौंड. करार पाच वर्षांचा. ही रक्कम हिशेबात एकदम खर्ची पडत नाही, कराराच्या वर्षांवर वाटली जाते. म्हणजे वर्षाला १.६४ कोटी. तीन वर्षं गेली, वहीत शिल्लक राहिले ३.२८ कोटी. बेटिसकडून मिळणार सव्वादोन कोटींच्याही आत. म्हणजे खेळाडू गेला आणि वर कोटीभर पौंडांचा तोटा या वर्षाच्या खात्यावर बसला. शिवाय वहीतला खर्च वेगळा आणि गल्ल्यातून जाणारी रोकड वेगळी. क्लब एकमेकांचे पैसे बहुतेक हप्त्यांनीच चुकवतात. सहमालक रॅटक्लिफनी मार्चमध्ये मुलाखतीत हेच सांगितलं ना? अँटनी, कासेमिरो, ओनाना, होइलुंड, सँचो अशी नावं घेऊन म्हणाले, यांचे पैसे आम्ही अजून देतोय. हात आखडला नसता तर ख्रिसमसपर्यंत तिजोरी रिकामी झाली असती, असंही म्हणाले. ज्याला तू चिक्कूपणा म्हणतोस तो बराचसा जुन्या हप्त्यांचा बोजा आहे.

फीपेक्षाही पगार वाईट. सँचोकडे बघ. चेल्सीने त्याला वर्षभर नेला, नंतर विकत घ्यायचं बंधन होतं, तर त्यांनी ५० लाख पौंड दंड भरला पण घेतला नाही. न घेण्यासाठी पैसे मोजणारा ग्राहक मी तरी पहिल्यांदाच पाहिला. खेळाडू वाईट होता म्हणून नव्हे, तो पगार त्यांच्या पगारपत्रकात बसेना म्हणून. एकदा एवढा पगार लावून दिलात की खेळाडू तुमच्याच गळ्यात. स्वतः तो दुसरीकडे कमी पैशांत जाणार नाही, आणि तेवढे द्यायला कोणी तयार नाही. मग खरेदी-विक्रीच्या शेवटच्या दिवशी उसना देत फिरायचं, आता ॲस्टन व्हिलाला.

यावर तू ‘एफएफपी’, म्हणजे क्लबांच्या तोट्यावर मर्यादा घालणारा नियम, काढणार, ते मला माहीत आहे. प्रीमिअर लीगचा नियम असा, की तीन वर्षांत मिळून १०.५ कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही. अकादमी, महिला संघ, बांधकाम यांचा खर्च त्यातून वगळतात. एव्हर्टनचे आधी १० गुण कापले, अपिलात ते ६ झाले. फॉरेस्टचे ४ गेले. नियम असावा, त्याबद्दल तक्रार नाही. पण त्याची एक वाकडी बाजू आहे आणि माझा खरा राग तिच्यावर आहे. बाहेरून आणलेला खेळाडू विकला तर वहीतली शिल्लक वजा होऊन नफा उरतो, बऱ्याचदा उरतच नाही. घरच्या अकादमीत वाढलेल्या पोराची वहीत किंमत शून्य, त्यामुळे तो विकला की आलेला सगळा पैसा नफा, आणि तोही त्याच वर्षी. मग तोटा भरून काढायचा म्हटलं की पहिला डोळा कोणावर जाणार? पाच-सहा वर्षांचा असल्यापासून आपल्याकडे वाढलेल्या मॅकटॉमिनेवर. गेल्या वर्षी अडीच कोटींना नापोलीला दिला. यंदा २१ मे रोजी बिलबावला आपण टॉटनहॅमकडून युरोपा लीगची फायनल हरलो, आणि दोनच दिवसांनी नापोलीने इटलीची लीग जिंकली. शेवटच्या सामन्यात पहिला गोल त्याचा, आणि सीरी आचा मोसमातला सर्वोत्तम खेळाडूही तोच. गार्नाचो सोळाव्या वर्षी नाममात्र पैशांत आला होता, तो परवा ४ कोटींना चेल्सीला गेला. त्याचं वागणं तुला पसंत नव्हतं, मलाही नव्हतं. पण वागणं बरं असतं तरी त्याला विकलाच असता, हे कबूल कर.

लीग कपात आपण ग्रिम्सबीकडून हरलो, त्या रात्रीचं तुला सांगायचं राहिलंय. गणेश चतुर्थीचा दिवस, मॅच आपल्याकडे साडेबाराला सुरू. भजनी मंडळ नुकतंच उठलं होतं, माजघरात उसळीचं पातेलं अर्धं शिल्लक, खाली पसरलेल्या सतरंज्यांवर तुझ्या आत्याची मुलं झोपलेली. मी फोन पिठाच्या डब्याला टेकवून ठेवला आणि आवाज बंद करून पातेलं उपसत होते. शेजारचे भाऊ चहासाठी मागे थांबलेले, ते डोकावले. ग्रिम्सबी म्हणजे चौथ्या पायरीवरच्या लीगमधला संघ हे त्यांना समजावलं, तोवर ते २-० पुढे. त्यातला दुसरा गोल टायरेल वॉरनचा. हा पोरगा युनायटेडच्याच अकादमीतला, आपण सोडून दिलेला. भाऊ म्हणाले, “वयनी, मेल्यांनी इतके पैसे घातल्यानी खंय?” मला उत्तर देता आलं नाही. मग एम्बुमो आणि मॅग्वायर यांनी बरोबरी केली आणि पेनल्टी सुरू झाल्या त्या संपेचनात. बारा-अकरा! अमोरिम डगआउटमध्ये खाली मान घालून बसलेला, आणि शेवटची पेनल्टी एम्बुमोने बारवर मारली. भाऊ तोवर भिंतीला टेकून घोरत होते.

तू म्हणतोस की त्याच रात्री त्याला हाकलायला हवा होता. त्याची ती तीन बचावपटूंची मांडणी मलाही पटत नाही. मधल्या फळीत ब्रुनो आणि कासेमिरो दोघंच धावतात आणि तासाभरात त्यांची दमछाक होते, हे दिसायला कोच व्हावं लागत नाही. पण मागच्या वेळचा हिशेब बघ. आधीचा कोच टेन हागला गेल्या वर्षी जुलैत मुदतवाढ दिली, ऑक्टोबरात काढला. ॲशवर्थना खेळाडू-खरेदीचा कारभार बघायला वाजतगाजत आणलं, पाच महिन्यांत निरोप दिला. या दोन प्रकरणांची भरपाई मिळून १.४५ कोटी पौंड. अमोरिमला पोर्तुगालच्या स्पोर्टिंगकडून सोडवून आणायला १.१ कोटी युरो वेगळे. आणि हे चाललेलं असताना त्याच क्लबात दोन फेऱ्यांत चारएकशे कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्यांवर गदा, त्यांचं मोफत जेवण बंद, आणि मोसमाच्या मध्यात तिकीट ६६ पौंड, लहान मुलांना आणि म्हाताऱ्यांना सवलत नाही. जेवणावर वाचवलेले पैसे एका मॅनेजरच्या निरोपात उडतात. काढायचा तर काढा बापडे, पण त्याला आणायचं ज्यांनी ठरवलं ते खुर्चीत तसेच राहणार असतील, तर पुढचा आला तरी काय वेगळं होणार?

आणि मालकांबद्दल बोलायचंच तर मुळापासून बोल. तू शाळेत असताना ‘ग्लेझर आउट’ असं वहीच्या पुठ्ठ्यावर लिहायचास, तेव्हा त्याचा अर्थ तुला ठाऊक होता की नाही कोण जाणे. २००५ मध्ये क्लबवर कर्ज नव्हतं. ग्लेझर कुटुंबाने तो सुमारे ७९ कोटी पौंडांना घेतला, त्यातला मोठा हिस्सा कर्जाचा, आणि त्या कर्जाचं ओझं क्लबवरच टाकलं. आपल्याकडे एखादा ट्रॉलर घेण्यासाठी कर्ज मागायला आला असता आणि म्हणाला असता, ‘बोट तारण ठेवा, कर्जही बोटीच्याच नावावर लिहा, हप्ता मासळीतून जाईल, जामीनदार कोणी नाही आणि माझ्या घरखर्चालाही मी तिच्यातूनच उचल घेणार’, तर आमच्या मॅनेजरांनी त्याला चहासुद्धा विचारला नसता. खलाशांचा वाटा, डिझेल, बर्फ हे सगळं बाजूला काढल्यावर हप्त्यापुरतं उरेल की नाही हे आम्ही आधी बघायचो. तिथे मात्र हे सगळं कायदेशीर ठरलं. तेव्हापासून व्याज, लाभांश आणि कर्जाचे इतर खर्च मिळून एक अब्ज पौंडांहून जास्त पैसा क्लबबाहेर गेला. मॅनेजर फर्ग्युसन होते तोवर ते दिसलं नाही. २०१३ ला त्यांनी लीग जिंकून निवृत्ती घेतली आणि छप्पर गळतंय हे सगळ्यांना कळलं. ओल्ड ट्रॅफर्डचं छप्पर तर खरोखरच गळतं.

एम्बुमोबद्दल मात्र मी तुझ्यासारखीच खूश आहे, पेनल्टी हुकली तरी. पण त्यातही बघ, ब्रेंटफर्डने तो २०१९ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या डिव्हिजनमधल्या ट्रॉयकडून ६० लाख पौंडांच्या आत घेतला होता. आपण दिले साडेसहा कोटी, वर बोनस वेगळा. तेव्हाही तो तोच खेळाडू होता. बघायला गेलं कोण, आणि कधी गेलं, एवढाच फरक.

तू म्हणशील की आईला तिकडचीच चिंता. तसं नाही रे. आपल्या शेजारी काय चाललंय तेही बघते. गोव्याचे धेंपो राष्ट्रीय पातळीवर पाच वेळा विजेते झालेले, तुझे बाबा लग्नानंतर मला पहिल्यांदा मडगावच्या फातोर्डा मैदानावर घेऊन गेले ते त्यांचीच मॅच बघायला. २०१६ ला धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग गोवा या तिघांनी आय-लीग ही राष्ट्रीय लीग सोडली. वर आयएसएलमध्ये, म्हणजे इंडियन सुपर लीगमध्ये, शिरायचं तर फ्रँचाईजीचे पैसे हवेत, आणि खाली राहून जिंकलात तरी वर जायची वाट नाही, हे कळल्यावर पैसा घालायचा तरी कशाला? आता आयएसएलचीच पाळी आली आहे. फेडरेशन आणि लीग चालवणारी कंपनी यांच्यातला करार डिसेंबरमध्ये संपतोय, नवा झालेला नाही, म्हणून जुलैत लीगच थांबवून ठेवली. काही क्लबांनी खेळाडूंचे पगार रोखले. मँचेस्टरच्या मिडफिल्डरसाठी तू रात्री जागतोस, आणि इथे पोरांना पुढची मॅच कधी तेच माहीत नाही. त्यांच्यासाठी एखादा व्हॉइस मेसेज पाठव की.

त्यातही एफसी गोवाने ऑगस्टमध्ये ओमानच्या अल सीबला हरवून आशियाई स्पर्धेच्या गटात जागा मिळवली, आणि गटात नेमकं कोण, तर रोनाल्डोचा अल नासर. २२ ऑक्टोबरला फातोर्ड्याला मॅच आहे. रोनाल्डो येईल की नाही ते तोच जाणे, त्याच्यावर विसंबून रजा टाकू नकोस. त्या दिवशी पाडवा आहे, म्हणजे तू दिवाळीला घरी असणारच. दुपारची गाडी धरली तर कुडाळहून मडगावला वेळेत पोहोचू. परतीचं मात्र तू बघ, कारण रात्रीच्या गाड्या नेहमीसारख्या रखडणार. तिकिटं निघाली की दोन काढ. बाबांना विचारून झालंय, ते म्हणाले पाडव्याला मी घर राखतो, तुम्ही जा.

येताना पिवळा टी-शर्ट आणू नकोस, अल नासरचाही रंग तोच.

तुझी
आई