इथेही रापणच

शेर्वॉय, उत्तर नॉर्वे
२ डिसेंबर

तीर्थरूप बाबांस आणि सौ. आईस, साष्टांग नमस्कार.

मी मजेत आहे. हे सगळ्यात आधी लिहिलं, नाहीतर पत्र आलंय एवढं ऐकूनच आई देवीला नारळ बोलून मोकळी होईल. फोनवर काही सांगून होत नाही. आई विचारते, ‘काय गो, जेवलंस?’ मी ‘हो’ म्हणते. बाबा मागून ‘थंडी किती?’ विचारतात, आणि मग आपण तिघंही गप्प. म्हणून हे लिहिलं. बाबूने वाचून दाखवावं, शेवटचा भाग सोडून.

आधी थंडीचं. बाबा, इथला समुद्र गोठत नाही. खाली दूर मेक्सिकोच्या आखाताकडून येणारा कोमट प्रवाह या किनाऱ्यापर्यंत पोचतो, त्यामुळे पाणी पाचेक अंशांवर राहतं. बाहेर उणे सात असतं तेव्हा पाण्यातच बरं वाटतं, खरंच. आत लोकरीचे दोन थर, वर ड्रायसूट. गळ्याला आणि मनगटाला घट्ट रबर असतं, थेंब आत जात नाही. एकदाच गेला, तोही माझ्या चुकीने. केसांची बट रबराखाली अडकली होती. लगेच वर घेतलं, गरम चॉकलेट दिलं, अर्ध्या तासात मी ठीक. हे सांगणार नव्हते, पण फोटोतले ओले केस बाबूने पाहिलेच असतील.

सूर्य गेल्या आठवड्यात मावळला तो आता जानेवारीच्या मध्यावर उगवेल. त्यातही घाबरण्यासारखं काही नाही. दुपारच्या सुमारास तीनेक तास निळसर उजेड असतो, आपल्याकडे तिन्हीसांजेला दिवा लावायच्या वेळी असतो तसा. देवमाशांचं आमचं सगळं शूटिंग त्या तीन तासांतच उरकावं लागतं.

आता त्या ‘किलर व्हेल’च्या, म्हणजे ऑर्काच्या, व्हिडिओबद्दल. बाबू, असले व्हिडिओ आईला पाठवत जाऊ नकोस. मोकळ्या समुद्रातल्या ऑर्काने माणूस मारल्याची एकही खात्रीची नोंद नाही. इथले लोक त्याला ‘स्पेकहॉगर’ म्हणतात, म्हणजे चरबी तोडणारा. (हे नाव ऐकून आईला बरं वाटणार नाही, हे लिहून झाल्यावर लक्षात आलं.) इथे ते येतात ते हेरिंगसाठी. हेरिंग म्हणजे आपल्या तारल्यांचा थोराड भाऊ. हिवाळ्यात तो लाखोंनी या क्वेनांगेनच्या खाडीत येऊन राहतो.

बाबा, हा भाग खास तुमच्यासाठी. ऑर्का रापण लावतात, आपण किनाऱ्यावरून जाळं ओढून मासा घेरतो तशी. थट्टा नाही. सात-आठ जण मिळून थव्याला खालून आणि बाजूंनी वेढा घालतात, पोटाचा पांढरा भाग माशांकडे वळवून त्यांना बिचकवतात, आणि गोळा आवळत आवळत पृष्ठभागाशी आणतात. मग एक जण आत शिरून शेपटीचा असा फटका मारतो की आवाज माझ्या छातीत ऐकू येतो. मासे बधिर होतात, आणि हे एकेक वेचून खातात. इतकं सावकाश की मला आजोबा पानातला काटा काढताना आठवले. पाण्यात खवले भुरभुरत असतात, देवळात अक्षता पडाव्यात तसे. आणि सगळं जमून आलं की खालून तोंड वासून कुबड्या देवमासा येतो, पंचवीस-तीस टनांचा, आणि अर्धा गोळा एका घासात गिळतो. आपल्याकडे दोरी ओढेल त्याला वाटा. हा दोरीला हातही लावत नाही.

मी तेव्हा वरच तरंगत असते, नळी तोंडात, टाकी नाही. बुडबुड्यांनी ते बिथरतात. जाड हातमोज्यांत कॅमेऱ्याची बटणं दाबता येत नाहीत, म्हणून फोकस बोटीवरच पक्का करून उतरायचं आणि नुसतं थांबायचं. हे थांबणं तारकर्लीला डायव्हिंग शिकताना शिकले नाही. ते तुमच्या होडीत शिकले.

आणखी एक. १९६० च्या दशकाच्या अखेरीस हा हेरिंग इथे जवळपास संपला होता. मोठी जाळी, मोठी यंत्रं, पाण्यात आवाज सोडून मासा हुडकणारं सोनार यंत्र. पर्ससीनवाल्यांवरून तुम्ही जे घसा कोरडा करून बोलता, तेच. मग मासेमारी आवळली, आणि तरी थवे पुन्हा भरायला वीस वर्षं गेली. नव्वदच्या दशकात तो इथून खाली टिस्फ्योर्डला हिवाळा काढायचा, आता इकडे येतो. तिथल्या खाड्या आता ओस. मासा कोणाला सांगून गाव बदलत नाही, हे तुम्ही म्हणता तेच इथला आमचा बोटवाला म्हणतो. त्यालाही एक डोळा बारीक करून पाणी बघायची सवय आहे.

आता जेवणाचं, कारण आई विचारणारच. इथे दुपारचं जेवण म्हणजे ‘मातपाके’. पावाच्या उघड्या कापा, वर चीज नाहीतर सॉसेज. झाकायला दुसरी काप नाही. एकावर एक रचताना मध्ये कागद घालतात, आणि त्या कागदाचे बरोबर कापेच्या मापाचे तुकडे दुकानात मिळतात! गठ्ठा दुसऱ्या कागदात बांधायचा, अकरा-साडेअकराला सोडायचा, थंडच खायचा. शाळेतली पोरं, डॉक्टर, बोटीवरचे खलाशी, सगळे रोज हेच. आणि कोणी कोणाला ‘घे जरा’ म्हणत नाही. पहिल्या दिवशी मी माझ्यातली एक काप पुढे केली तर तो माणूस गोंधळला, त्याला वाटलं मला ती आवडली नाही. चीज तपकिरी असतं, दुधाचं उरलेलं पाणी काकवीसारखं आटवून केलेलं, गोडसर. मला आवडायला लागलंय. भात संध्याकाळी करते. तिरफळं अजून आहेत, कोकमं संपली.

आता हे बाबूने मोठ्याने वाचू नये, बाबा, तुम्हीच वाचा.

इंजिनासाठी दीड लाख पाठवले आहेत. सोसायटीचं कर्ज काढू नका. ‘तुझ्या लग्नासाठी ठेव’ हे उत्तर नको. कुडाळच्या स्थळाला तुम्हीच नाही सांगा. माणूस वाईट नाही, पण वर्षातले चार महिने बायको पाण्यात असणार हे त्याच्या आईला मी कसं समजावू? आणि बाबूचं माझ्यासाठी अडवून ठेवू नका. देवगडची मुलगी दोन वर्षं थांबली आहे. मोठी बहीण आधी हा नियम माझ्यासाठी मोडला, तर मला उपकारच वाटतील.

बाबा, मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यावर आठ दिवसांनी मला कळवलंत. रागावले नाही. आता व्हिडिओ स्वच्छ दिसतील, तेवढंच बरं. पण त्या सकाळी मी इथे एका देवमाशाची शेपटी मोजत होते आणि घरी काय चाललंय याची गंधवार्ता नव्हती, हे मात्र डोक्यातून जात नाही.

जानेवारी संपता संपता हेरिंग अंडी घालायला दक्षिणेकडे निघतो, त्याच्यामागे ऑर्का, आणि आमचं काम संपतं. यंदा आंगणेवाडीच्या जत्रेला येते. गेल्या वर्षीही असंच लिहिलं होतं, माहीत आहे. देवीचा कौल होऊन तारीख ठरली की त्याच दिवशी कळवा, तिकीट लगेच काढते.

तुमची,
बाय