मोठ्या पोरींनाच बोलू द्या

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

माझी मुलगी सातवीत आहे. मागच्या महिन्यात तिला शाळेतच पहिल्यांदा पाळी आली आणि मला कळेपर्यंत सगळं निभावलं पण होतं, कारण नववीतल्या एका पोरीने तिला बाथरूममध्ये रडताना बघितलं, दप्तरातलं पॅड दिलं, दाराबाहेर उभं राहून कसं लावायचं ते सांगितलं आणि स्वतःचा स्वेटर तिच्या कंबरेला बांधला. "मला तर सहावीतच आली होती, घाबरू नको, चल खो-खोला" एवढंच म्हणाली. घरी आल्या आल्या माझ्या लेकीने आजीसमोरच सांगून टाकलं, आई मला पाळी आली!

मला आली तेव्हा वाटलं काहीतरी मोठा आजार झालाय, दोन दिवस कुणाला बोलले नाही. कळल्यावर "कावळा शिवला" म्हणून कोपऱ्यात चटई, वेगळं ताट, लोणच्याला हात लावायचा नाही.

बाईंनी वर्गात विषय काढला की पोरी माना खाली घालतात, ताईने सांगितलं की ऐकतात. राष्ट्रीय किशोर स्वास्थ्य कार्यक्रमात २०१४ पासून हेच आहे की, त्यांच्याच वयाच्या मुलामुलींना ट्रेनिंग देऊन बाकीच्यांशी बोलायला लावायचं, पण आमच्या गावात मी तरी असं कोणी बघितलं नाही. २०१८ ला अस्मिता योजनेत झेडपी शाळेतल्या मुलींना ५ रुपयात ८ पॅड मिळायला लागले, ते चांगलंच झालं, पण नुसत्या पॅडने मनातली भीती जात नाही ना.

२८ मे हा मासिक पाळी स्वच्छता दिवस, पण तेव्हा आपल्या शाळांना सुट्टी असते, मग कोण कुणाला सांगणार? जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच आठवड्यात आठवी-नववीच्या मुलींना गावात आरोग्याचं काम करणाऱ्या आशाताईंकडून नीट माहिती द्या आणि त्यांनाच पाचवी-सहावीच्या पोरींशी बोलू द्या. सुरुवातीला एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, पॅड चार ते सहा तासांनी बदलायचं, कापड वापरत असाल तर ते लपवून न वाळवता कडक उन्हात वाळवायचं, आणि फारच रक्त जात असेल, पोट सहन होत नसेल तर डॉक्टरकडे जायचं, हे मोठ्या पोरींनाही पक्कं माहीत पाहिजे, नाहीतर त्या पण लोणच्याचंच सांगतील. आणि मुलांना वर्गाबाहेर काढू नका, डाग बघून हसणारे तेच असतात, त्यांनाही कळू दे.

आमच्या शाळेत पॅडचा डबा मी भरून देईन. नळाला पाणी आणि बाथरूममध्ये झाकणाची कचरापेटी तेवढी शाळेने बघावी.

— एक आई, सातारा जिल्हा