वणव्याच्या धुरासाठी प्युरिफायर: पेटीवरचे चौरस फूट पाहून घेऊ नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

दसरा-दिवाळीच्या सुमारास लेकी-सुनांकडे अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर जाणारे आई-वडील पुष्कळ असतात, आणि कॅलिफोर्नियातला वणव्यांचा मोसम नेमका त्याच महिन्यांत भरात असतो. आपल्याकडे वणवा म्हटले की फेब्रुवारी-मार्चमध्ये डोंगरउतारावरचे वाळके गवत पेटते आणि बहुधा एक-दोन दिवसांत विझते, असे चित्र डोळ्यांपुढे येते. तिकडचे मोठे वणवे आठवडेच्या आठवडे चालतात आणि आगीची झळही न लागलेल्या दूरच्या घरांत त्यांचा धूर शिरतो. ८ नोव्हेंबर २०१८ रोजी कॅलिफोर्नियातले पॅरडाइज हे गाव उद्ध्वस्त करणाऱ्या ‘कॅम्प फायर’ नावाच्या वणव्यात ८५ माणसे गेली, त्याचा धूर सुमारे दीडशे मैलांवरच्या सॅन फ्रान्सिस्को परिसरावर जवळजवळ दोन आठवडे बसून राहिला. ९ सप्टेंबर २०२० ला तिथले आकाश दिवसाढवळ्या नारिंगी झाले, आणि ७ जून २०२३ ला कॅनडातल्या क्वेबेकमधल्या जंगलांच्या धुराने न्यूयॉर्कचे. अशा वेळी दुकानांतले प्युरिफायर बघता बघता संपतात आणि उरलेल्यांतले जे हाती लागेल ते लोक उचलतात. म्हणून खरेदी मोसमाआधी व्हावी, आणि ती कोणत्या आकड्यावरून करावी ते नीट माहीत असावे.

तो आकडा म्हणजे धुरासाठीचा सीएडीआर (क्लीन एअर डिलिव्हरी रेट). यंत्र एका मिनिटात किती घनफूट स्वच्छ हवा देते, ते यावरून कळते. अमेरिकेतल्या पेट्यांवर धूर, धूळ आणि परागकण असे तीन आकडे छापलेले असतात. त्यांतला धुराचा पाहावा, कारण धुराचे कण सर्वांत बारीक, बहुतांशी एक मायक्रॉनपेक्षाही (मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही) लहान असतात. नेहमीच्या वापरासाठी खोलीच्या चौरस फुटांच्या दोन तृतीयांश सीएडीआर पुरतो. वणव्याच्या धुरासाठी मात्र तो खोलीच्या चौरस फुटांइतका तरी हवा. १२ बाय १३ फुटांची झोपायची खोली १५६ चौरस फूट भरते, म्हणजे धुराचा सीएडीआर किमान १५६ पाहिजे. हे गणित आठ फुटी छताचे आहे. छत दहा फुटी असेल तर आकडा सव्वापट करावा.

पेटीवर ठळक अक्षरांत असते ते मात्र ‘१,०५० चौरस फुटांसाठी’. लोक दिवाणखाना, स्वयंपाकघर आणि बोळ यांची बेरीज करतात आणि हे यंत्र साऱ्या घराला पुरेल असे समजतात. सीएडीआर १४० असलेले यंत्र तासाला ८,४०० घनफूट हवा गाळते. आठ फुटी छताच्या १,०५० चौरस फुटांत तेवढीच हवा असते. म्हणजे तो दावा तासाला एकदा हवा गाळण्याचा आहे. धुराच्या दिवसांत तासाला सात-साडेसात वेळा तरी गाळायला हवी, कारण फटींतून नवा धूर सतत येत असतो. त्या हिशेबाने हेच यंत्र १४० चौरस फुटांचे ठरते.

दुसरी गोम अशी की सीएडीआर मोजतात तो पंखा सर्वांत वेगाने फिरवून. त्या वेगाला आवाज एवढा असतो की रात्री त्या खोलीत झोपणे कठीण. मग कोणीतरी बटण ‘स्लीप’वर नेते आणि यंत्राची ताकद निम्म्याहूनही खाली येते. १५६ चौरस फुटांच्या खोलीला २५० ते ३०० सीएडीआरचे यंत्र घेऊन मधल्या वेगावर चालवणे, हा मला सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो.

‘हेपा’ या अतिबारीक कण अडवणाऱ्या फिल्टरच्या नावाचा दरारा जरा जास्तच झाला आहे. खरे हेपा ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवते. ०.३ चाच आकडा का, तर त्या सुमाराचे कण पकडायला सर्वांत अवघड असतात; त्याहून बारीक कण इकडेतिकडे भरकटत तंतूंवर आपटतात आणि चिकटतात, म्हणून तेही अडकतात. पण खोलीत तीच हवा पुन्हा पुन्हा गाळली जाते, त्यामुळे गाळणीइतकेच महत्त्व हवेच्या ओघाला असते. मिनिटाला १०० घनफूट हवा ९९.९७ टक्के गाळणाऱ्या यंत्राकडून १०० घनफूट स्वच्छ हवा मिळते. २०० घनफूट हवा ९० टक्के गाळणाऱ्याकडून १८०. ‘हेपा टाइप’ या शब्दांमागे मात्र कसलेही ठरलेले माप नाही, तिथे सीएडीआर छापलेला नसेल तर ते यंत्र सोडून द्यावे.

आयन सोडणारी, प्लाझ्मा वगैरे नावांची, ‘ओझोनने हवा ताजी’ करणारी यंत्रे घेऊ नयेत. ओझोन फुप्फुसांना त्रास देतो आणि धुराचे कण काही त्याने नाहीसे होत नाहीत. कॅलिफोर्नियात विकायच्या घरगुती प्युरिफायरला राज्याच्या एअर रिसोर्सेस बोर्डाचे प्रमाणपत्र लागते आणि ओझोनची मर्यादा ०.०५० पीपीएम (हवेच्या दहा लाख भागांत ०.०५० भाग) आहे. प्रमाणित यंत्रांची यादी त्या बोर्डाच्या संकेतस्थळावर पाहता येते. आयनचे बटण वेगळे असेल तर ते बंदच ठेवावे.

वासाचे काय? कण गाळणारी जाळी वास आणि वायू अडवत नाही. त्यासाठी सक्रिय कोळसा लागतो, आणि तोही किलोंच्या हिशेबात. यंत्रांत बहुधा येते ती कोळशाची भुकटी लावलेली पातळ चादर; दाट धुरात ती काही दिवसांतच भरते. वास राहिला म्हणजे यंत्र बिघडले असे नव्हे, आणि वास गेला म्हणजे हवा स्वच्छ झाली असेही नव्हे. कार्बन मोनॉक्साइड तर यांतले कोणतेच यंत्र काढत नाही. आग जवळ आली आणि घर सोडण्याचा आदेश निघाला, की प्युरिफायरच्या भरवशावर थांबायचे नाही.

साऱ्या घराऐवजी एक खोली राखावी, शक्यतो आजी-आजोबा, लहान मूल, गरोदर बाई किंवा दमेकरी झोपतात ती. खिडक्या लावून दाराखालच्या फटीत टॉवेल सारावा, यंत्र भिंतीपासून फूट-दीड फूट सुटे ठेवावे. सोफ्याच्या मागे किंवा पडद्याआड ठेवलेले यंत्र आपलीच हवा फिरून फिरून ओढते. पहिला तास पूर्ण वेगाने चालवून मग वेग उतरवावा. ‘ऑटो’वर विसंबू नये, कारण संवेदक यंत्राच्या पोटातच असतो आणि भोवतालची हवा निवळताच पंखा मंद करतो, पलंगाशी धूर तसाच असला तरी.

आणि चालू करण्याआधी झाकण उघडून फिल्टरवरचे प्लास्टिक काढावे! नवा फिल्टर पुष्कळदा प्लास्टिकच्या पिशवीसकट यंत्रात बसवून येतो. ती न काढता आठवडाभर यंत्र चालवणारी घरे कमी नाहीत. पंखा फिरतो, दिवा लागतो, आणि हवा मात्र काहीच गाळली जात नाही.

मध्यवर्ती वातानुकूलन असेल तर पंखा ‘ऑटो’ऐवजी ‘ऑन’ ठेवावा, बाहेरची हवा आत घेणारी झडप बंद करावी आणि मर्व्ह १३ दर्जाचा फिल्टर बसवावा. मर्व्ह १३ म्हणजे ०.३ ते १ मायक्रॉनच्या कणांपैकी निदान निम्मे एका फेरीत अडवणारा. फिल्टरवरचा बाण पंख्याच्या दिशेने हवा, आणि कडेने फट राहिली तर हवा तिथूनच निसटते. एक इंच जाडीचा मर्व्ह १३ जुन्या यंत्रणेला जड जातो: हवेचा ओघ घटतो, थंड करणाऱ्या नळ्यांवर बर्फ धरतो. चार इंची फिल्टर बसवायला जागा असेल तर तोच घ्यावा. पाण्याचे कूलर आणि एकाच नळीचे फिरते एसी धुराच्या दिवसांत बंद ठेवावेत. कूलर बाहेरची हवा थेट आत ओढतो, आणि एकनळी एसी आतली हवा बाहेर टाकून फटींतून धूर खेचतो.

न्हाणीघराचा आणि शेगडीवरचा एक्झॉस्टही असाच धूर खेचतो, आणि इथे मराठी स्वयंपाकघराची पंचाईत होते. एक्झॉस्टशिवाय दिलेली तेलाची फोडणी बंद घरात बाहेरच्याइतके बारीक कण घटकाभरात भरू शकते. त्या दिवसांत तळण, खमंग फोडण्या, मिरचीचा खकाणा नको. वरण-भात, साधी खिचडी, इडली, वाफवलेले पदार्थ बरे. उदबत्ती आणि धूपही नको. उदबत्तीच्या धुराचे कण वणव्याच्या कणांइतकेच बारीक असतात. देवापुढे फुले वाहावीत.

पैसे कमी असतील किंवा दुकाने रिकामी असतील तर २०२० मध्ये रिचर्ड कॉर्सी आणि जिम रोझेन्थाल यांच्या कल्पनेतून आलेली पेटी घरी करता येते. २० इंची चौकोनी पंखा, २० बाय २० बाय २ इंचांचे मर्व्ह १३ चे चार फिल्टर, तळाला पुठ्ठा आणि रुंद चिकटपट्टी. फिल्टर चारी बाजूंना उभे करावेत, बाण आतल्या बाजूला. पंखा वर असा ठेवावा की हवा वरून बाहेर पडेल. साऱ्या सांध्यांवर पट्टी मारावी. पंख्याच्या तोंडावर पात्याच्या घेराएवढे गोल भोक पाडलेला पुठ्ठा लावायला विसरू नये. तो नसेल तर कोपऱ्यांतून हवा उलटी आत येते. कॅलिफोर्नियातल्या डेव्हिसच्या विद्यापीठातल्या मोजणीत अशा पेटीचा सीएडीआर ६०० ते ८५० भरला होता. पंखा २०१२ नंतरचा आणि यूएल किंवा ईटीएलची (विद्युत सुरक्षा तपासल्याची) खूण असलेलाच घ्यावा, आणि घरात कोणी जागे नसताना तो चालू ठेवू नये.

या फिल्टरांत एक छुपी उणीव आहे. त्यांतल्या बहुतेकांच्या तंतूंवर विद्युतभार दिलेला असतो, आणि कण पकडण्याची त्यांची बरीचशी ताकद त्या भारातून येते. लाकडाच्या धुराचे तेलकट कण तो भार लवकर निकामी करतात. फिल्टर अजून मोकळा दिसतो, हवाही जोरात येते, पण गाळण अर्ध्यावर आलेले असते. म्हणून दाट धुराच्या दिवसांत नेहमीच्या तीन महिन्यांवर न थांबता, पांढरा फिल्टर करडा-तपकिरी होताच बदलावा. यंत्राचा लाल दिवाही बहुधा फक्त तास मोजतो, धूर मोजत नाही. हेपा फिल्टर धुऊ नये, धुतल्यावर त्याची नुसती जाळी उरते. एक जादा संच सीलबंद ठेवावा, कारण धुराच्या आठवड्यात तोच आधी संपतो.

बाहेरची हवा पाहायला एअरनाऊ या अमेरिकी सरकारी संकेतस्थळाचा ‘फायर अँड स्मोक’ नकाशा सर्वांत विश्वासू, कारण खासगी स्वस्त संवेदक धुराचे कण वाजवीपेक्षा जास्त दाखवतात आणि त्या नकाशात त्यांचे आकडे सुधारून घेतलेले असतात. पुण्या-मुंबईहून गेलेल्यांनी ध्यानात ठेवावे की दोन्ही देशांचे एक्यूआय (हवेच्या गुणवत्तेचे निर्देशांक) एक नाहीत. घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम पीएम २.५ (अडीच मायक्रॉन किंवा त्याहून लहान कण) असताना भारतीय मापात आकडा १०० येतो आणि शेरा ‘समाधानकारक’. अमेरिकी मापात तोच दीडशेच्या पुढे, ‘अनारोग्यकारक’. हवा निवळली की खिडक्या सताड उघडून घर श्वास घेऊ द्यावे. आठवडाभर बंद घरातली कोंदट हवाही बरी नव्हे.

शेवटची गोष्ट परतणाऱ्यांसाठी. तिथले यंत्र १२० व्होल्टचे असते. सामानातून आणून ते आपल्या २३० व्होल्टच्या प्लगला लावले तर क्षणात जळते, आणि ट्रान्सफॉर्मर घेतला तरी त्याचा फिल्टर इथे मिळेलच असे नाही. इथेच घ्यायचे झाले तर भारतातल्या पेट्यांवर सीएडीआर बहुधा घनमीटर प्रति तास असा छापतात. त्याला १.७ ने भागले की घनफूट प्रति मिनिट मिळतात. ३४० चा आकडा पाहून मोठे यंत्र मिळाले असे वाटते, पण ते २०० चे असते.

आपला,
एक वाचक (वायुवीजन अभियंता)
सॅक्रामेंटो, कॅलिफोर्निया