हृदयविकाराचा झटका आणि परिचारिकेचे अधिकार

माननीय संपादक, स. न.

हृदयविकाराच्या झटक्याची चर्चा निघाली की अँजिओप्लास्टी, स्टेंट आणि हृदयरोगतज्ज्ञ यांच्याविषयीच बोलले जाते. तालुक्याच्या रुग्णालयात अपरात्री छातीत दुखते म्हणून आलेल्या रुग्णाला सर्वांत आधी पाहते ती मात्र ड्युटीवरची सिस्टर. रुग्ण आल्यापासून 10 मिनिटांत ईसीजी निघावा, हा जगभर मान्य असलेला निकष पाळला जातो की नाही, हे बहुतेक वेळा तिच्यावरच अवलंबून असते. ‘ॲसिडिटी झाली आहे’ म्हणत बाकावर बसून राहिलेला घामाघूम माणूस किंवा छातीत न दुखता नुसता दम लागलेली मधुमेही बाई यांना केसपेपरची वाट न पाहता खाटेवर घ्यावे, हे अनुभवी सिस्टरच्या नजरेला कळते. घाम नीट पुसून इलेक्ट्रोड लावले नाहीत तर ईसीजीची रेघ थरथरते आणि तो पुन्हा काढण्यात मोलाची मिनिटे जातात.

जवळपास अँजिओप्लास्टीची सोय नसेल तेथे रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन हाच आधार असतो. ते देण्यापूर्वी अलीकडे पक्षाघात, शस्त्रक्रिया किंवा रक्तस्राव झाला होता का, हे घाबरलेल्या नातेवाइकांकडून धीराने काढून घ्यावे लागते. अशा औषधांपैकी स्ट्रेप्टोकायनेज सुमारे तासभर सलाइनमधून देताना रक्तदाब एकाएकी उतरू शकतो, म्हणून त्या काळात रुग्णाजवळून हलता येत नाही; तर टेनेक्टेप्लेज या दुसऱ्या औषधाची मात्रा वजनानुसार ठरते. ठोके बिघडून हृदय नुसते थरथरू लागले, तर विजेचा झटका देण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या उशिराने रुग्ण वाचण्याची शक्यता झपाट्याने घटते.

हे ओळखूनच फिलाडेल्फियाच्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात 1963 च्या सुमारास डॉ. लॉरेन्स मेल्टझर आणि परिचारिका रोझ पिनिओ यांनी हृदयरुग्णांचा स्वतंत्र कक्ष उभा केला आणि डॉक्टर येईपर्यंत न थांबता झटका देण्याचे प्रशिक्षण व अधिकार परिचारिकांना दिले. आपल्याकडेही 2019 मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने दिल्लीत ‘एम्स’च्या परिसरात प्रशिक्षित परिचारक मोटारसायकलवरून रुग्णाच्या घरी पाठवण्याचा उपक्रम सुरू केला होता.

शासकीय सेवेतून निवृत्त झालेली परिचारिका म्हणून मी पाहिलेले चित्र वेगळे आहे. डॉक्टरांनी लिहून दिल्याशिवाय ईसीजी काढायचा नाही, अशी पद्धत मी अनुभवली आहे, आणि झटका देण्याचे यंत्र चार्जिंगविना कापडाखाली झाकून ठेवलेलेही पाहिले आहे. सिस्टरला काय करायचे ते ठाऊक असते, पण उद्या काही विपरीत घडले तर पाठीशी कोण उभे राहील, या भीतीने तिचा हात थांबतो.

सार्वजनिक आरोग्य विभागाने यासाठी स्थायी लेखी आदेश काढावेत. छातीत दुखणाऱ्या रुग्णाचा ईसीजी स्वतःहून काढणे, ॲलर्जी वा रक्तस्राव नसल्याची खात्री करून ॲस्पिरिन चावायला देणे आणि प्रशिक्षण झालेले असल्यास झटका देणे, एवढे अधिकार त्यात स्पष्ट लिहिलेले असावेत. असे प्रशिक्षण घेतलेली किमान एक सिस्टर प्रत्येक पाळीत असावी आणि फिरत्या ड्युटीच्या नियमाखाली तिला काही महिन्यांत बाह्यरुग्ण विभागात किंवा लसीकरणाच्या कामावर हलवू नये.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अधिपरिचारिका, जि. सातारा