गॅस भरण्याआधी तपासणी करा

महोदय,

उन्हाळ्यात गाडीचा एसी गरम हवा फेकू लागला की गॅरेजमध्ये बहुधा एकच निदान ऐकू येते : 'गॅस संपलाय, भरून घ्या.' माझ्या सात वर्षे जुन्या गाडीत गेल्या मे महिन्यात असा दोनदा गॅस भरला गेला आणि एसी होता तसाच राहिला. मूर्तिजापूरच्या रस्त्यावर गाडी धावत असताना हवा गार यायची. अकोल्यात शिरून सिग्नलला थांबलो की दोन मिनिटांत ती कोमट व्हायची. खरे तर दुखणे कुठे आहे ते यावरूनच कळायला हवे होते, पण मला कोणी विचारले नाही आणि मलाही सांगायचे सुचले नाही.

अखेर एका वयस्कर ऑटो इलेक्ट्रिशियनने इंजिन व एसी चालू ठेवून बॉनेट उघडले. कंडेन्सरचा पंखा फिरतच नव्हता. कॉम्प्रेसरमधून आलेला तापलेला गॅस कंडेन्सरमध्ये निवून द्रवरूप व्हावा लागतो. धावत्या गाडीत त्याला समोरचा वारा मिळतो, उभ्या गाडीत मात्र सारी भिस्त पंख्यावर असते. पंख्याला वीज पोहोचवणारा स्विच, म्हणजे रिले, जळाला होता, तो बदलला. वर भरलेला जादा गॅसही काढावा लागला, कारण तो प्रमाणाबाहेर असला तरी दाब वाढून गारवा कमीच होतो.

एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. रबरी होजमधून वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, हे खरे. पण एकाच हंगामात तो उतरला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नवा भरणे म्हणजे फुटक्या माठात पाणी ओतणे. शिवाय गाड्यांत सर्रास वापरला जाणारा आर-१३४ए हा वायू ओझोनला अपाय करत नसला, तरी वजनास वजन धरले तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून अधिक तापमानवाढ घडवतो. अशा वायूंचा वापर घटवण्यासाठीची, मॉन्ट्रियल या आंतरराष्ट्रीय करारातली किगाली दुरुस्ती भारताने २०२१ मध्ये स्वीकारली आहे.

म्हणून जुना गॅस किती ग्रॅम निघाला, नवा किती भरला आणि गळती नायट्रोजनच्या दाबाने तपासली की आत रंगद्रव्य घालून, याची नोंद बिलावर करणे गॅरेजांना बंधनकारक करावे. किती गॅस लागतो ते अनेक गाड्यांत बॉनेटखालच्या पट्टीवर ग्रॅममध्ये छापलेलेच असते. माझ्या दोन्ही बिलांवर 'एसी गॅस' आणि रक्कम, एवढेच लिहिले आहे.

– एक वाहनधारक, अकोला